वर्षावासातील दहा मिनिटे आणि आठवड्यातील एक कोरडा दिवस



आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. संध्याकाळी वस्तीवरच्या विहारात उपासक-उपासिका जमतात, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आश्विन पौर्णिमेपर्यंतचे हे तीन महिने हिवतापाचेही महिने आहेत. म्हणून या वेळचा पाठ आम्ही वस्तीतील शाळा-कॉलेजच्या मुलामुलींसाठी लिहीत आहोत. वाचन झाल्यावर ज्येष्ठांकडून दहा मिनिटे मागून घ्या आणि हिवतापावर बोला. काय सांगायचे, काय दाखवायचे आणि निधी जमवला तर तो कशावर खर्च करायचा, ते येथे देत आहोत.

गाव म्हणून बेल्हे डोळ्यांपुढे ठेवू. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेचे, कल्याण-नगर रस्त्यावरचे हे गाव सोमवारच्या बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीवर पाऊस कोसळतो, पण आणे पठाराच्या बाजूला येईपर्यंत तो हात आखडतो. मग घराघरात टिपाडे, हौद आणि शेतात शेततळी भरून ठेवावी लागतात. याच गावाजवळ बांगरवाडीला अभियांत्रिकीची आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. साठवलेले पाणी आहे, बाजाराची गर्दी आहे आणि शिकणारी मुलेही आहेत. आपल्या पाठाला एवढे पुरे.

दोष वस्तीचा नाही

“हिवताप घाणीतून होतो, आणि घाण वस्तीत असते,” हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पहिल्या दिवशी हेच खोडून काढा. हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस डास मुख्यतः साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. विहीर, हौद, टाकी, कालव्याचा पाझर ही त्याची ठिकाणे. गटारात वाढतो तो क्युलेक्स. तो हत्तीरोग पसरवतो, म्हणून गटार वाहते ठेवायचेच. पण हिवतापाचा डास गटारात शोधत बसलो, तर घरातले टिपाड तसेच राहते. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी केली, तेव्हा डासांचे मूळ सापडले ते घरांच्या विहिरींत. त्या विहिरी खात्यापित्या घरांच्याही होत्या.

मग वस्तीत टिपाडे जास्त का? नळाला रोज पाणी येत नाही म्हणून. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. नियमित आणि पुरेसे पाणी ही मागणी त्याच हक्काची पुढची पायरी आहे. ग्रामपंचायतीकडे ती लेखी करा. पण पाणी रोज येईपर्यंत टिपाडावर झाकण घालणे आपल्याच हातात आहे.

डासापासून तापापर्यंत

1897 हे वर्ष मुलांना लक्षात ठेवायला सांगा. 10 मार्च 1897 रोजी सावित्रीमाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्याच वर्षी 20 ऑगस्टला सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. हुसेन खान नावाच्या एका रुग्णाने त्या डासांना स्वतःचे रक्त पिऊ दिले होते. त्याच्यासारख्या साध्या माणसाच्या सहकार्याने हे ज्ञान जगाला मिळाले. म्हणून 20 ऑगस्ट हा जागतिक डास दिन. वर्षावासात येणारा हा दिवस विहारात जरूर पाळा.

हिवताप असलेल्या माणसाला मादी डास चावते आणि रक्ताबरोबर जंतू तिच्या पोटात जातात. तेथे ते वाढायला दहा-बारा दिवस लागतात. मग ती ज्याला चावेल त्याच्या अंगात ते शिरतात आणि साधारण दोन आठवड्यांनी त्याला थंडी भरून ताप येतो. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून अंगणात, ओट्यावर, शेताच्या राखणीला झोपणाऱ्याला मच्छरदाणी हवी.

दाखवायची गोष्ट

भाषणापेक्षा पांढरा वाडगा जास्त बोलतो. टिपाडातले पाणी पळीने वाडग्यात घ्या आणि उजेडात धरा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते ती हिवतापाच्या डासाची अळी. डोके खाली करून तिरकी लोंबते ती दुसऱ्या डासाची. डेंग्यूच्या डासाची अळीही तशीच लोंबते आणि तीही स्वच्छ पाण्यातच वाढते. “मावशी, हे तुमच्याच टिपाडातलं पाणी,” असे हळूच दाखवा. चारचौघांत कोणाला लाजवू नका. आधी स्वतःच्या घरचा वाडगा दाखवला, तर मावशी आपणहून टिपाडाकडे घेऊन जाईल.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची, घासायची आणि कोरडी करून भरायची. बेल्ह्यासारख्या गावात सोमवारी बाजार, तर रविवारी कोरडा दिवस धरावा. शाळेलाही सुट्टी असते.

पाणी ओतून द्या, असे सांगणे सोपे आहे. चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या घराला ते परवडत नाही. तेथे पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, टिपाड घासा आणि पुन्हा भरा. फडक्यावरच्या अळ्या कोरड्या मातीत झटका. मग जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी तोंडावर ताणून दोरीने किंवा ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळा. कडेला फट राहिली तर बांधले काय आणि न बांधले काय, सारखेच. विहिरीत आणि शेततळ्यात गप्पी मासे सोडता येतात. ते अळ्या खातात. त्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारा. नदी-ओढ्यात मात्र ते सोडू नका.

ताप आला तर

खरा घात येथे होतो. माणूस मजुरीवर असतो. ताप आला की दुकानातून गोळी घेतो, उतरला की कामावर जातो. पुन्हा ताप येतो, खाडा पडतो, उसनवारी वाढते आणि तोवर डास त्याच्यापासून शेजारच्या लेकरापर्यंत पोहोचलेला असतो.

कोणत्याही तापात आधी रक्ततपासणी. आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून एक थेंब रक्त घेतात. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. बाहेरगावी ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर जाऊन आलेल्याला ताप आला, तर हे आवर्जून सांगावे.

हिवतापाचे आपल्याकडे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हायवॅक्समध्ये तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. ताप दोन-तीन दिवसांतच उतरतो, म्हणून लोक गोळ्या सोडतात. पण जंतू यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतात. चौदा म्हणजे चौदाच दिवस. भिंतीवर चौदा रेघा ओढा आणि गोळी घेतली की एक रेघ खोडा. दुसरा प्रकार फॅल्सिपेरम. तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याची औषधे वेगळी आहेत, म्हणून एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतील बाळ यांना प्रायमाक्विन देत नाहीत. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

झटके, गुंगी, धाप, कावीळ, पाणीही पोटात न टिकणे, लघवी अगदी कमी होणे यांतले एकही लक्षण दिसले तर रात्र काढू नका. तडक रुग्णालय गाठा.

निधी कशाला?

तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत, तेव्हा त्यांच्या नावाने पैसे मागू नका. फ्लेक्स आणि फोटोवर खर्च नको. धुराच्या फवारणीवरही नको. धुराने उडते डास तेवढे मरतात, टिपाडातल्या अळ्या तशाच राहतात. आम्ही हा क्रम सुचवतो: आधी टिपाडांना आणि टाक्यांना झाकण किंवा जाळी, मग गरोदर बाया आणि लहान लेकरांच्या घरी मच्छरदाणी, आणि थोडी रक्कम रात्री-अपरात्री रुग्णाला नेण्याच्या गाडीभाड्यासाठी बाजूला.

बाजाराच्या दिवशी डबा घेऊन फिरा, पण दोघे मिळून मोजा, वहीत लिहा आणि दोघांच्या सह्या करा. दर पौर्णिमेला विहारात हिशेब वाचून दाखवा. जुन्नरच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचे त्यात कोरले आहे. अनेकांनी मिळून दिलेले आणि काय दिले ते उघड लिहून ठेवलेले असे हे दान आहे. आपल्या वहीला याहून चांगला कित्ता कोणता?

रुग्ण कमी झाले तरी

1947 च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख दगावत. 1953 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 1965 पर्यंत रुग्ण एक लाखावर आले. मग पहारा सैल झाला. 1976 मध्ये आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. श्रीलंकेतही हेच झाले. 1963 साली फक्त 17 रुग्ण उरले होते, पण पाच-सहा वर्षांत ते लाखोंनी वाढले. त्यांनी मात्र नंतर पहारा सोडला नाही. ताप दिसेल तेथे रक्त तपासत राहिले आणि सप्टेंबर 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा देश हिवतापमुक्त जाहीर केला.

म्हणून “यंदा आपल्याकडे कोणी आजारी नाही” हे कोरडा दिवस सोडण्याचे कारण नव्हे. तो पाळला जातो म्हणून कोणी आजारी नाही, असे समजा. वर्षावास संपेल तेव्हा वस्तीतील किती टिपाडांना झाकण आले, किती जणांनी चौदा रेघा पुऱ्या केल्या, हे वहीत मोजून लिहा आणि शेवटच्या पौर्णिमेला सर्वांसमोर वाचा.

जय भीम! नमो बुद्धाय!