दोन कंठ, एक ‘बयान’

अलीकडे मुलांच्या तोंडीं ‘रॅप’ हा शब्द वारंवार येतो, आणि पालकांच्या कपाळीं आठ्या पडतात. ही कविता नव्हे, गाणेंही नव्हे, नुसती घाईची बडबड आहे, असा पुष्कळांचा समज आहे. तो कितपत खरा हें एकाच संग्रहाच्या आधारें पाहावें, असें आम्हीं योजिलें आहे. दिल्लीच्या ‘सीधे मौत’ या जोडीनें 2018 सालीं काढिलेला ‘बयान’ हा तो पहिला ध्वनिसंग्रह होय.

प्रथम या कलेचें मूळ पाहूं. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स भागांत 1973 सालीं कूल हर्क हा तरुण समारंभांतून तबकड्या वाजवूं लागला. गाण्यांत जेथें गायन थांबून केवळ ताल उरतो, तोच तुकडा लोकांस नाचावयास आवडतो, हें त्यानें हेरिलें. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हां वाजवी. अशा लांबलेल्या तालावर बोल म्हणण्याची रीत वाढली, तीच रॅप.

आतां रचना पाहा. आपल्या मोठ्या अभंगाच्या कडव्यांत चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरें, चौथ्यांत चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटीं. रॅपमध्यें अक्षरें मोजीत नाहींत, ठोके मोजतात. चार ठोक्यांचें एक आवर्तन, आणि बहुधा सोळा आवर्तनांचें एक कडवें. यमक बहुतकरून चौथ्या ठोक्यावर पडतें. परंतु कसबी कवि तें मधल्या ठोक्यांवरही पेरितो. चार ठोक्यांत कोणी आठ अक्षरें बसवितो, कोणी सोळा, तरी ताल चुकत नाहीं. टाळी देऊन हें करून पाहावें, म्हणजे ‘बडबड’ म्हणणाराची जीभ कशी अडखळते तें कळेल! आणखी एक साम्य आहे. अभंगाच्या शेवटीं ‘नामा’ ही मुद्रा येते; रॅपकारही आपलें नांव कडव्यांत गुंफितो. नामदेवांचें नरसी आपल्याच जिल्ह्यांत असतां ही चाल आपल्या मुलांस परकी कां वाटावी?

या जोडींतील अभिजय नेगी हे एन्कोर एबीजे व सिद्धांत शर्मा हे काल्म या नांवानें ओळखले जातात. त्यांच्या 2017 सालच्या छोट्या संग्रहाचें नांव ‘दो का पहाडा’, म्हणजे बेचा पाढा. दोघांच्या जोडीस याहून समर्पक नांव आम्हांस सुचत नाहीं. ‘बयान’ म्हणजे जबानी. कलगी-तुऱ्याच्या झगड्यांत दोन पक्ष एकमेकांस कोडीं घालितात. येथें दोघेही एकाच पक्षाचे साक्षीदार. आवाज निराळे, बोलण्याची ढब निराळी, परंतु संपूर्ण संग्रहाचें संगीत ‘सेझ ऑन द बीट’ या एकाच रचनाकाराचें असल्यामुळें त्यास एकजिनसीपणा आला आहे. 2022 सालच्या ‘नायाब’ या संग्रहासाठीं हे तिघे पुन्हां एकत्र आले.

हा संग्रह ‘आझादी रेकॉर्ड्स’ या 2017 सालीं निघालेल्या स्वतंत्र संस्थेनें प्रसिद्ध केला, ही गोष्ट आम्ही महत्त्वाची समजतों. आपल्याकडील बहुतेक लोकप्रिय गाणीं चित्रपटासाठीं होतात: प्रसंग ठरलेला, पात्र ठरलेलें, शब्द एकाचे व कंठ दुसऱ्याचा. येथें बोलणाराच कवि, आणि काय बोलावें हेंही त्याचें तोच ठरवितो. याच संस्थेकडून 2019 सालीं मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळीचें ‘द वारली रिव्होल्ट’ निघालें. आरे येथील आदिवासी प्रकाश भोईर यांचा स्वर त्यांत असून, विषय जंगल व त्यांत राहणारांचा हक्क हा आहे.

पालकांस मात्र एक सांगणें आहे. ‘बयान’ची भाषा रस्त्यावरची आहे, तींत शिव्याही आहेत, लहान मुलांच्या हातीं हा संग्रह सरसकट देऊं नये. वरच्या वर्गांतील मुलांनीं वडीलधाऱ्यांसमवेत निवडक भाग ऐकावा. शिव्या आहेत म्हणून कसब नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. कसब आहे म्हणून शिव्या गोड लागतात, असेंही नाहीं.

ज्यांस हौस असेल त्यांनीं सोबतीस एक मित्र घ्यावा, आपल्या घरच्या बोलींत चार आवर्तनें रचावीं, आणि दोन दोन वांटून घेऊन टाळीवर म्हणून पाहावीं.