एन्चिलाडा सोडू नकोस

सॅन अँटोनिओ

चि. सई,


कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आल्यापासून तू शुक्रवारचे एन्चिलाडा कायमचे बंद केलेस, असं ताई फोनवर म्हणाली. इतकं टोक कशाला गाठायचं? हॉटेलात तुझ्यापुढे येतं ते टेक्सासचं ताट. वितळलेल्या पिवळ्या चीजचा थर, बाजूला भात, बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेले बीन्स, आणि ताट यायच्या आधीच टोपलीभर तळलेले चिप्स. मेक्सिकोतल्या घरांत एन्चिलाडाची सगळी मदार मिरचीच्या सॉसवर. चीज बहुधा वरून भुरभुरवण्यापुरतं. तू तिकडे सरक, निम्मं पथ्य आपसूक होईल.

सॉसला मात्र वेळ दे. पाच-सहा सुक्या अँचो मिरच्यांचे देठ-बिया काढून कोरड्या तव्यावर दाबून भाज, वास सुटेपर्यंतच. काही सेकंद पुरतात. काळी पडलेली मिरची सरळ टाकून दे, तिचा कडूपणा मग कशानेच झाकत नाही. बाकीच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजव. त्याच तव्यावर टोमॅटो, कांद्याच्या फोडी आणि सालासकट लसूण डाग पडेपर्यंत भाज. लसूण सोलून सगळं जिऱ्याबरोबर वाट, गाळ आणि चमचाभर तेलात दाट होईस्तोवर परत. वाटण परतायला तुला कुणी शिकवायला नको! डब्यातला सॉस मात्र आणू नकोस, त्यात मीठ फार.

तोर्तिया मक्याचीच. बुरिटोची मोठी मैद्याची तोर्तिया एकटीच तीनशे कॅलरींच्या आसपास जाते, मक्याची लहान साठाच्या. पाकिटावर मका, पाणी आणि चुना एवढंच लिहिलेलं असलं तर उत्तम. चुन्याच्या पाण्यात मका शिजवायची ही रीत हजारो वर्षांची. तिने कॅल्शियम वाढतं आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. मका युरोपात गेला, रीत मागेच राहिली, आणि मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावी पेलाग्राच्या रोगाने गाठलं. घरी करायची हुक्की आली तर मासा हरिना, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, आण. भाकरीच्या मक्याच्या पिठाची तोर्तिया दुमडताना फाटते.

तोर्तिया तेलात बुडवण्याऐवजी दोन्ही बाजूंना ब्रशने तेलाचा हात फिरव आणि दोन-तीन मिनिटं ओव्हनमध्ये ठेव. अगदीच बिनतेलाच्या करशील तर गुंडाळताना तडकतील, नाहीतर सॉस पिऊन लगदा होईल.

आत काळे बीन्स, मशरूम, पालक. बीन्स डब्यातले असतील तर चाळणीत धुऊन घे, बरंच मीठ निघून जातं. वर थोडं कोतिहा चीज. ते मुळातच खारट, त्यामुळे चिमूटभर पुरतं. सावर क्रीमच्या जागी दह्याचा चक्का लिंबू पिळून सैल कर. शेजारी कोबी आणि मुळा कच्चेच. भात वगळ, तोर्तियात धान्य आलंच की. आणि ते कमी चरबीचं चीज व फ्लॉवरचा भात मला मनापासून नापसंत. चव नाही ती नाहीच, शिवाय तासाभराने फ्रिज उघडायला लावतात.

अँचो घेताना वाकवून बघ. मऊपणे वाकली तर ताजी, कडकन मोडली तर दुकानातच ठेव. पुढची रक्ततपासणी कधी आहे ते कळव.

तुझी,
मावशी