तालमीला जाऊ द्यावं का?

प्रवेशाची धावपळ संपून ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या पालकांचा प्रश्न बदलतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुलगी रात्री दहाला घरी येते आणि चपला काढता काढता सांगते, ‘पुरुषोत्तमची तालीम होती.’ फी भरली ती यासाठी का, असं आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

माझं उत्तर: जाऊ द्या. पण ती नट होईल या आशेवर नव्हे.

महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, सगळं मुलांनीच उभं करायचं. फिरोदिया करंडक या दुसऱ्या स्पर्धेत नाटकाच्या जोडीला नृत्य, चित्र, वादन असं सगळंच एका विषयात गुंफावं लागतं. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे वैद्यकीय शिक्षण घेता घेता नाटक करत होते, हे मुलं घरी हटकून ऐकवतात. त्याला फार भुलू नका. अपवादांवर कुणाचं करिअर ठरत नाही.

खरा फायदा तालमीच्या खोलीत आहे. साठ जणांच्या वर्गात एखादा मुलगा आठवडाभर आला नाही तर कुणाला पत्ता लागत नाही. मित्रही फार तर हजेरी लावून मोकळे होतात. तालमीला मात्र चहावाल्याची दोन वाक्यं असलेला पोरगा आला नाही तरी प्रसंग अडतो, आणि लगेच फोन जातो, ‘कुठायस? जेवलास का?’ लातूर-नांदेडहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला हा फोन फार मोलाचा असतो. लाजऱ्या मुलांसाठी तर मी बॅकस्टेजच सुचवेन. कुठल्या वाक्यावर कुठला लाइट जायचा याची वही सांभाळणाऱ्या मुलीला स्टेजवर एक शब्द बोलावा लागत नाही, तरी तिच्यावाचून प्रयोग होत नाही.

आता दुसरी बाजू. स्पर्धा म्हटलं की हार आली, आणि गटबाजीही. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका पात्र न ठरवता पुरुषोत्तम करंडकच दिला नाही. महिनोन्‌महिने राबलेल्या मुलांना ते केवढं लागलं असेल! म्हणून निकालाच्या रात्री ‘बघ, सांगत होतो ना’ हे वाक्य घरात निघता कामा नये.

हजेरीचं आधीच बोलून घ्या. पंच्याहत्तर टक्क्यांची अट, सबमिशनच्या तारखा आणि स्पर्धेच्या तारखा एकाच कागदावर मांडायला सांगा. केटी राहिलेली असेल तर यंदा बॅकस्टेजचं छोटं काम, पुढच्या वर्षी मोठं. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रमाच्या क्रेडिटमध्ये सांस्कृतिक उपक्रम आणि एनएसएस बसतात. तुमच्या कॉलेजात नेमकं काय मोजलं जातं ते विचारा. स्पर्धा झेपत नसेल तर एनएसएसचं पथनाट्य किंवा होस्टेलची भिंत रंगवणं हेही चालेल. तिथे करंडक नसतो, आणि काही मुलांना तेच मानवतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. तालीम म्हणजे उपचार नव्हे. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर नाटकाच्या भरवशावर थांबू नका. कॉलेजचा समुपदेशक गाठा, किंवा १४४१६ या सरकारी टेलि-मानस हेल्पलाइनवर फोन करा; तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि मुलीला खरोखरच यातच राहायचं असेल तर? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे; चित्र-नेपथ्याकडे ओढा असेल तर जे. जे.सारख्या संस्था आहेत. पदवी अर्धवट सोडून तिकडे धावण्याआधी तिने दोन-तीन वर्षं तालमी करून पाहाव्यात. आणि तुम्ही स्वतः भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेरीला एकदा बसून या. जमलं तर तिचं कॉलेज नसेल त्या दिवशी.