पूर ओसरल्यावर शाळेचे मैदान



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेने पुन्हा तोच रस्ता धरला. दोन्ही वेळी उसाचे पंचनामे झाले, घरांचे झाले, जनावरांचे झाले. पण शाळेच्या मैदानाची आणि त्यावर खेळणाऱ्या पोरांची विचारपूस करायची सर्वांच्याच ध्यानात राहत नाही. म्हणून या पाठात सहावी ते आठवीच्या मुलांच्या खेळाचा विचार करू.

खेळ कशासाठी?

"घरात चिखल, रानात ऊस कुजलेला, आणि पोरांनी काय खेळत बसायचं?" असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांची अडचण आम्ही जाणतो. पण उसाचेच उदाहरण घ्या. शेंडा बरेच दिवस पाण्याखाली राहून कुजला की वाढ थांबते, पांगशा फुटतात, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. शेंडा वर राहिला तर ऊस सावरतो. अकरा ते चौदा हे मुलांचे शेंड्याचे वय आहे. या वयात त्यांना सगळे कळते, पण बोलून दाखवता येत नाही. रोजचा ठरलेला क्रम, ओळखीचे सोबती आणि खेळ एवढे मिळाले, तर बहुतेक मुले हळूहळू सावरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. दिव्यांग मुलांनाही हेच प्रमाण सांगितले आहे. मात्र महिना उलटला तरी मुलाला झोप नाही, पाऊस लागला की थरथरते, कोणाशी बोलत नाही, असे दिसले तर नुसत्या खेळावर थांबू नये. डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा फोन नंबरही आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आधी मैदान पाहा

पाणी उतरल्याबरोबर पोरांना मैदानात सोडू नका. गाळात काचा, पत्रे, खिळे असतात. कचऱ्याच्या ढिगाखाली साप बसतात. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या चिखलातून, पायाच्या जखमेवाटे, लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. म्हणून काम क्रमाने करावे. आधी मोठ्या माणसांनी काठीने ढीग हलवून कचरा उचलावा. मग गाळ ओढून काढावा, पाण्याला उताराची चर द्यावी आणि जमीन उन्हात चांगली वाळू द्यावी. तोवर अनवाणी खेळ नको. मैदान तयार होईपर्यंत देवळाचा मंडप किंवा गोदामाची ओसरी चालेल.

सगळ्यांचा खेळ म्हणजे काय?

पुरानंतर मैदानाच्या कडेला कोण बसते ते एकदा जाऊन पाहा. ज्या मुलीला घर सावरायला थांबवले ती. ज्याचे बूट वाहून गेले तो. पाय अधू असलेला, कमी दिसणारा. दुसऱ्या वस्तीतून हलवून आणलेला. आणि हंगाम लागला की ऊसतोड टोळ्यांची मुले. या सर्वांना आत घ्यायचे तर सूत्र एकच : पोर बदलू नका, नियम बदला. काही सोपे प्रकार देतो.

१) बसून व्हॉलीबॉल : दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, हा खेळ १९८० पासून आहे. मैदान १० मीटर लांब, ६ मीटर रुंद. पुरुषांसाठी जाळी १.१५ मीटर उंच, महिलांसाठी १.०५. आपल्याकडे दोन बांबू आणि एक दोरी पुरे. सगळ्यांनीच बसून खेळायचे. मग पायाने अधू असलेला आणि धडधाकट एका रांगेत येतात.

२) घुंगराचा चेंडू : दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये 'गोलबॉल' हा खेळ निघाला. चेंडूत घुंगरू असते आणि सर्व खेळाडूंचे डोळे बांधतात. आपल्याला चिंध्यांच्या चेंडूत घुंगरू शिवून घेता येतील.

३) खो-खो : धावता न येणाऱ्या मुलाला खुंटाजवळचे घर द्यावे. त्याला खो मिळाला की त्याच्या जोडीदाराने धावावे.

४) बाद झालेल्याला कायमचे बाहेर बसवू नये. जो कच्चा, तो आधी बाद होतो आणि ज्याला खेळाची जास्त गरज, तोच जास्त वेळ बसून राहतो. शंभर अंक मोजून त्याला परत आत घ्यावे.

५) दोन कप्तानांनी गडी निवडण्याची पद्धत सोडावी. शेवटी उरलेल्या पोराच्या मनाला ते लागते. आकडे म्हणून गट पाडावेत.

हा हक्क आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ प्रमाणे शाळेने दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यायची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ ने शाळेला मैदान व खेळाचे साहित्य आवश्यक ठरवले आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे आपणच.

आणि अशी मुले पुढे काय करतात हे पाहायला लांब जायला नको. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले.

सभासदांनी काय करावे?

शाळेच्या मैदानासाठी एक दिवस ट्रॅक्टर आणि फळी द्यावी. हंगामात मैदानावर उसाच्या गाड्या उभ्या करू नयेत. टोळीच्या मुलांना खेळायला बोलवावे. घरची कामे किती का असेनात, मुलाला आणि मुलीला रोज एक तास मोकळा द्यावा. मुलीला विशेष करून, कारण तिचाच तास आधी कापला जातो. आणि समितीच्या पुढच्या सभेत गुरुजींना व बाईंना एवढेच विचारावे : "काल मैदानाच्या कडेला कोण बसलं होतं?" नावे लिहून घ्यावीत, आणि त्यापुढच्या सभेत तीच नावे पुन्हा वाचावीत.