रॅलीच्या मोटारीतील ब्रेक

चाकणला तयार झालेली एक्सयूव्ही ५०० गौरव गिल यांनी रॅलीत चालविली होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. रॅली म्हणजे गोल मैदानातील शर्यत नव्हे. खडी, चिखल, घाटाची वळणे यांतून एकेक मोटार घड्याळाशी झुंजते.

वळणाआधी ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची बाजू हलकी होऊन घसरू लागते. आपण येथे घाबरू. रॅलीचा चालक हे मुद्दाम घडवितो. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर! माझे वडील चाकण-तळेगाव रस्त्यावर मालट्रक चालवितात. ते म्हणाले, "भरल्या गाडीत असलं केलं तर पलटीच." भार कोठे सरकतो हे त्यांना पुस्तकाविना कळते, आणि हेही ज्ञानच होय असे मला वाटते.

२०२२ ते २०२४ या काळात जागतिक रॅली स्पर्धेतील सर्वोच्च वर्गाच्या मोटारींत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला १०० किलोवॅटची विजेची मोटर व ३.९ किलोवॅट-तासांची बॅटरी असे. ब्रेक लावताना जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग बॅटरीत परत साठे. पुरेशी साठवण झाल्याशिवाय विजेचा पुढचा जोर मिळत नसे. त्यामुळे ब्रेक किती दाबावा याला नवाच हिशेब आला. २०२५ पासून हे खर्चिक यंत्र काढून टाकले आणि मोटारीचे किमान वजन १,२६० वरून १,१८० किलोंवर आले.

वडिलांनी मात्र विचारले, "ट्रकला हे बसवलं तर डिझेल किती वाचेल?" मी गणित मांडले. १६ टनांचा ट्रक ताशी ५० किलोमीटरवरून थांबला की सुमारे ०.४ किलोवॅट-तास शक्ती खर्ची पडते, म्हणजे त्या रॅली-बॅटरीचा जवळजवळ दहावा हिस्सा. आणि चाकणच्या चौकांत ट्रक दिवसभर थांबतच असतो.