इम्प्लांटच्या आधी हाड भरून घेताना

दाढ ठणकते, बाजारच्या दिवशी तालुक्याला जाऊन ती काढली जाते, सूज उतरते आणि विषय संपतो. तीन-चार वर्षांनी मुलगा म्हणतो, आई, तिथं स्क्रूचा दात बसवून घेऊ. स्कॅन होतो आणि डॉक्टर सांगतात, जागा आहे, पण हाड उरलेलं नाही. आधी हाड भरावं लागेल, मग थांबावं लागेल, मग इम्प्लांट. अकोल्यापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) हे ऐकून परत जाणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या निम्म्या खटाटोपाचं मूळ दाढ काढण्याच्या त्या एका दिवसात असतं, म्हणून सुरुवातही तिथूनच.

दाढ काढण्याआधी

दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागतं. पहिल्या वर्षात त्याची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. शेताचा बांध एका बाजूने ढासळत जावा तसं हे हाड गालाच्या बाजूने खचतं, कारण तिकडची भिंत मुळात पातळ. पुढच्या दातांपाशी ती बहुधा एक मिलिमीटरही नसते.

म्हणून दाढ काढायला बसण्याआधीच विचारा: "पुढेमागे इथे इम्प्लांट करायचा असेल, तर आत्ताच खड्ड्यात पावडर भरता का?" रिकाम्या खड्ड्यात हाडाची पावडर भरून वर झाकण घालायचं, एवढंच हे काम. झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते आणि पुढचं मोठं ऑपरेशन अनेकदा टळतं. खड्ड्यात खूप पू असेल तर डॉक्टर आधी तो बरा करतात. काही वेळा दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांटही बसवता येतो. ते डॉक्टरांना ठरवू द्या, पण प्रश्न तुमच्याकडून यायला हवा.

मोजणी

दाढ काढून वर्षं उलटली असतील तर सीबीसीटी म्हणजे थ्रीडी स्कॅन काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. इम्प्लांट साधारण चार मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या चहूबाजूंनी एक ते दीड मिलिमीटर हाड लागतं, म्हणजे सहा-सात मिलिमीटर रुंदी हवी. वरच्या दाढांपाशी आणखी एक अडचण असते. तिथे हाडाच्या वर सायनसची हवेची पोकळी आहे, आणि दाढा गेल्यावर ती खाली उतरते. उरलेलं हाड चार-पाच मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर सहसा गालाच्या बाजूने छोटी खिडकी करून, सायनसचं नाजूक अस्तर वर उचलून, खाली हाड भरतात. त्याला सायनस लिफ्ट म्हणतात.

स्कॅन न बघता "हाड भरावं लागेल" म्हणणाऱ्याकडून उठावं, आणि स्कॅन न बघता "काही गरज नाही" म्हणणाऱ्याकडूनही. आखूड किंवा तिरका इम्प्लांट, बाजूच्या दातांवर पूल, चांगली कवळी हे पर्याय असतात. ते विचारले म्हणून कुणी रागावत असेल तर दुसरं मत घ्या. लोणीचं प्रवरा संस्थेचं रूरल डेंटल कॉलेज, संगमनेरजवळ घुलेवाडीचं एसएमबीटी आणि नगरचं यशवंतराव चव्हाण डेंटल कॉलेज जिल्ह्यातच आहेत. कॉलेजात हिरड्यांचा विभाग, शस्त्रक्रियेचा विभाग आणि दात बसवणारा विभाग एकाच छताखाली भेटतात. वेळ जातो, खर्च सहसा कमी होतो.

शरीराची तयारी

साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) तपासा. ती सातच्या आसपास असली तर बरं, आठच्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं सलाईन घेतलं असेल तर ते न विसरता सांगा, कारण अशा औषधांनंतर जबड्याचं हाड भरून येण्यात गंभीर अडचण येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हलणारे दात, कीटण, पू यांचा बंदोबस्त आधी.

आणि मिश्री. "मी तंबाखू खात नाही" असं ठामपणे सांगणारी बाई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असते, कारण तिच्या हिशेबात ती तंबाखू नव्हेच. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तीही थेट हिरडीवर चोळलेली. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि भरलेल्या हाडाला रक्त मिळत नाही. मिश्री, तंबाखू-चुना, बिडी, सगळं किमान आठवडाभर आधी आणि दोन महिने नंतर बंद. हे जमणार नसेल तर पैसे खर्च करू नका.

हाड कुणाचं?

हा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही, आणि माळकरी घरात तर तो सगळ्यांत आधी विचारायला हवा. पहिलं स्वतःचं: ते हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागून घेतात. त्यात जिवंत पेशी असतात, पण दुसरी जखम होते. दुसरं दान केलेलं मानवी हाड: मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते, हाड वाळवून आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देते. तिसरं जनावराचं. जगभर वापरली जाणारी बायो-ऑस ही पावडर गोवंशाच्या हाडापासून बनते. त्यातले सेंद्रिय घटक काढलेले असतात, फक्त खनिज उरतं, आणि ती फार हळू विरघळत असल्याने आकार टिकतो. चौथं कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटचं किंवा काचेसारख्या पदार्थाचं.

गळ्यात तुळशीची माळ असेल, जैन असाल किंवा दुसरं काही पथ्य असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. आणि पावडरीपाशी थांबू नका. वर घालायचा कोलॅजनचा पडदा बहुधा डुकराचा किंवा गोवंशाचा असतो, विरघळणारा कॅटगटचा धागा जनावराच्या आतड्याचा असतो. तिन्हींना पर्याय आहेत. पडद्याऐवजी तुमच्याच हातातून रक्त काढून, ते यंत्रात फिरवून मिळणारी पीआरएफची चकती काही ठिकाणी पुरते. लहान खड्ड्यासाठी कृत्रिम पावडर उत्तम चालते. रुंदी फार गेली असेल तर माझा कौल स्वतःच्या हाडाच्या बाजूने, दुसरी जखम सोसूनही. जे वापरलं त्याच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या.

ऑपरेशनचा दिवस

जागेवरचीच भूल असते, तेव्हा उपाशी जाऊ नका. हलकं खाऊन, नेहमीची बीपीची गोळी घेऊन जा. सोबत माणूस हवा. एकट्याने मोटारसायकलवर पन्नास किलोमीटर परतायचं नाही. आत काय होतं: हिरडी उघडतात, हाडाला बारीक भोकं पाडून रक्त येऊ देतात, रक्तात कालवलेली पावडर रचतात, पडदा घालतात आणि हिरडी ताण न देता शिवतात. हाड थोडंच कमी असेल तर इम्प्लांटही त्याच वेळी बसतो.

पहिले पंधरा दिवस

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, घाबरू नका. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, थुंकणं नाही, चूळ नाही. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेलं औषधी पाणी तोंडात नुसतं फिरवून सोडून द्यायचं. मऊ भात, मुगाची खिचडी, कोमट पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, ताक. शिपी आमटी, ठेचा, चिवडा महिनाभर नाही. स्ट्रॉने काही ओढू नका. रेतीसारखे दोन-चार कण तोंडात आले तर चालतं. पण टाके उसवून पांढरा पडदा दिसला, पू आला किंवा चौथ्या दिवसानंतर दुखणं वाढलं तर त्याच दिवशी जा. आरशासमोर ओठ ओढून जखम बघत बसू नका, टाके त्यानेच तुटतात. कवळी त्या जागेवर दाबत असेल तर घासून घेतल्याशिवाय लावायची नाही.

सायनस लिफ्ट असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, वाकून ओझं उचलायचं नाही. सनई वाजवणाऱ्याने सुपारी घेऊ नये.

थांबणं

खड्डा भरला असेल तर तीन-चार महिने, रुंदी वाढवली असेल तर चार ते सहा, सायनसला सहा ते नऊ. त्यानंतर इम्प्लांट, आणि तो हाडात पक्का व्हायला आणखी तीनेक महिने. हा हिशेब आपल्या कामाच्या हंगामाशी जुळवून घ्या. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्याने दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन करू नये. टाके निघेपर्यंत तो फडात असेल आणि डोक्यावर मोळी असेल. पावसाळ्यात करून, जखम भरल्यावर निघालं तर हंगाम संपेपर्यंत हाड आपोआप तयार होतं. आषाढी वारी चुकवायची नसेल तर वारीहून परतल्यावर करा.

मुदत भरली की पुन्हा स्कॅन, आणि मगच इम्प्लांट. वर कॅप बसल्यावर इम्प्लांटच्या कंपनीचं नाव, जाडी आणि लांबी लिहिलेलं कार्ड मागून घ्या. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तुमचे डॉक्टर तोवर पुण्याला गेलेले असले, तर तो कुठल्या किल्लीने फिरवायचा हे दुसऱ्या डॉक्टरला त्या कार्डावरून लगेच कळतं.