'फार्महाऊस' छापण्याआधी

चि. ओंकार,

तुझ्या जाहिरातीचा मसुदा वाचला. 'कर्जत-खालापूर पट्ट्यात नदीकाठी फार्महाऊस प्लॉट' हे ठळक टाइपातलं वाक्य मला खटकलं. शब्दाचं वावडं मला नाही. पण तो दोन अर्थांनी वावरतो, आणि तू शिरतोयस त्या धंद्यात गिऱ्हाइकाचे पैसे नेमके त्या दोहोंच्या मधेच अडकतात. मूळचं फार्महाऊस म्हणजे शेतावरचं घर. 'कर्जत 3' जातीचा भात लावलेल्या खाचराला लागून असलेलं, पडवीत औत टेकवलेलं, मागे पेंढ्याची उडवी आणि गोठा. मुंबईकराच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ पोहण्याचा तलाव, हिरवळ, फाटकावर वॉचमन आणि शनिवार-रविवारची वस्ती. शेती म्हणाल तर कुंपणालगत चार कलमं, तीही वॉचमनच्या भरवशावर.

कायदा पहिलाच अर्थ धरून चालतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 शेतातल्या इमारतीची व्याख्या तिच्या कामावरून करते: अवजारं, खत, वैरण, पीक ठेवणं, गुरांचा निवारा, आणि धारकाच्या घरच्यांनी, गड्यांनी किंवा कुळांनी राहणं. म्हणजे राहायला बंदी नाही. उगाच घाबरवणारेही या धंद्यात पुष्कळ आहेत. पण त्या राहण्याला शेतीचा आधार हवा. शिवाय 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. दादरचा नोकरदार जाहिरात दुसऱ्या अर्थाने वाचतो, इसार देतो, आणि त्याच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा मागितला जातो तो पहिल्या अर्थाने. सातबारावर पिकाखालचं क्षेत्र असतं, पोटखराबा असतो. हिरवळीचा रकाना नसतो.

तू म्हणशील, सगळेच असं लिहितात, शब्दांचे अर्थ बदलतातच. कबूल. बंगला म्हटल्यावर बंगाली धाटणीचं घर कोण शोधतं? पण बंगल्याच्या जुन्या अर्थावर कुणाचा मालकीहक्क टांगलेला नाही, फार्महाऊसच्या आहे. बोलताना म्हण की खुशाल. विक्रीच्या कागदावर तीच सैल भाषा आली की ती फसवणुकीच्या अंगाने जाते, तुझा हेतू कितीही साफ असो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 2020 च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे ठेवायची वाट दिली, मग दोन्ही अर्थ एकत्र नांदत नाहीत का? नांदतात, पण तिथे आधी शेती होते आणि पाहुणा तिच्यापायी येतो. भात बंद करून खाचरात भराव घालणाऱ्याला त्या धोरणाची ढाल घेता येणार नाही.

तेव्हा बिगरशेती झालेल्या प्लॉटला 'एनए प्लॉट' म्हण, आदेशाचा क्रमांक दे. बाकीच्याला सरळ 'शेतजमीन' लिही, गट नंबर घाल, आणि खरेदीदार शेतकरी असावा लागतो हे बारीक अक्षरात ढकलू नकोस. फोन कमी येतील, येऊ देत. सुधारलेला मसुदा आणि सगळ्या गटांचे सातबारे एकदमच पाठव.

तुझा,
मामा